उरलेला ताणा

बाबारावांनी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. दारात टेम्पो उभा होता. धरमपेठेत साड्यांचं दुकान असलेला अभिजीत दोन हमाल घेऊन आला होता आणि मागाच्या लाकडावरून हात फिरवत होता.

“काका, हे धागे राहू द्या ना,” तो म्हणाला. “दुकानाच्या काचेत माग ठेवला की हे असे ताणलेले धागे छान दिसतील. लोक फोटो काढतात.”

“तो ताणा शोभेचा नाही. माग न्या. ताणा मी ठेवतो.”

मागावर कापड नव्हतं. शेवटची साडी उतरवल्यावर उरलेला हातभर ताणा तेवढा फणीतून मागच्या दांडीपर्यंत गेला होता. बाबारावांच्या घरात हा उरलेला ताणा कधी कोणी कापला नव्हता. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा या जुन्या धाग्याला सांधायचा आणि काम पुढे न्यायचं. कापला तर सगळं पहिल्यापासून ओवावं लागतं. सांधायचं काम त्यांची बायको शामला करायची. बोटांना राख लावून बसायची, म्हणजे धागा निसटत नाही. शामला श्रावणात गेली. ताणा तेव्हापासून तसाच होता.

मुलगी सोनिका फौजेत. उन्हाळ्यात तिची पलटण आफ्रिकेत गेली होती. दोन देश एकाच पट्ट्यावर हक्क सांगत होते आणि त्यांच्या मधे शांतिसेना उभी होती. आई गेल्याचं तिला त्याच दिवशी कळलं, पण तिकडे पावसाने रस्ता बंद होता. हेलिकॉप्टर मिळेपर्यंत इकडे तेरवी झाली. मग बाबारावच तिला म्हणाले, आता राहू दे.

त्या शांतिसेनेची मुदत या महिन्यात संपत होती. शेजारचे भैयाजी सदर भागातल्या पोस्टातून रिटायर झालेले. ते सकाळी चहाला येत आणि मोबाईलवरची बातमी वाचून दाखवत. मुदत वाढवायची की नाही यावर न्यूयॉर्कला मतदान होतं. मोठ्या देशांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी संपलं, सगळे परत.

“म्हंजे एकच हात पाहिजे?” बाबारावांनी विचारलं होतं.

“एकच. पण मोठ्याचा पाहिजे.”

“आपल्या वार्डाचा मेंबर असता तर जाऊन बोललो असतो गा त्याच्याशी.”

“त्यानं कधी कोणाचं ऐकलं? नालीसाठी तीन वर्षं झाले फिरून राहिलो आपण.”

भैयाजी हसले. बाबाराव हसले नाहीत. रोज सकाळी शामलाच्या फोटोपुढे उदबत्ती लावून ते त्या एका हातासाठी हात जोडत. गेल्या महिन्यात तिकडे गस्तीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. सोनिकाने फोनवर ते सांगितलं नव्हतं. भैयाजींनी वाचून दाखवलं होतं.

अभिजीत माग मागायला आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं. पोरगी परत आली तर माग घरातच राहील. मुदत वाढली तर घेऊन जा, मला एकट्याला तो बघवत नाही.

काल मतदान झालं. नाही म्हणायला कोणाचाच हात वर झाला नाही. मुदत सहा महिन्यांनी वाढली.

“काका, माणसं थांबलीत,” अभिजीत म्हणाला.

बाबाराव मागच्या दांडीजवळ बसले. एक मूठभर धागे डाव्या हातात धरले आणि कापले. आवाज असा काही झालाच नाही. दुसरी मूठ धरणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

पडद्यावर सोनिका होती. डोक्यावर निळी टोपी, मागे पत्र्याची भिंत. चित्र अडखळत होतं.

“बाबा, समजलं का? मुदत वाढली!”

“समजलं.” ते थांबले. “तू तर हसून राहिली वं.”

“हसू नाही तं काय करू? आठ दिवस झाले, इथल्या बाया आमच्या फाटकासमोर झोपून राहिल्या होत्या. गाठोडे, बकऱ्या, लेकरं सगळे घेऊन. आमी गेलो का रात्री गावं जाळतात म्हणे. रोज मले विचारत, तू चालली का? काय सांगू मी त्याईले?”

बाबारावांनी कात्री पायाने बाजूला सारली.

“आज सकाळी गाठोडे उचलून घरी गेल्या. एक म्हातारी राहते बोअरिंगजवळ. तिनं आपली चूल पेटवली अन् मले बोलावून चहा पाजला. निरा साखरच साखर होती त्याच्यात. आईच्या हातचा असाच राहे.”

मागे कुठेतरी धप्प असा आवाज झाला. सोनिकाने मान वळवून पाहिलं.

“काय वाजलं?”

“काही नाही बाबा, ट्रक हाय.”

बाबारावांनी सगळं आयुष्य मागाच्या आवाजात काढलं होतं. हा आवाज ट्रकचा नव्हता, एवढं त्यांना कळलं.

“जेवली का तू?”

“जेवली. बाबा, आईचा ताणा तसाच ठेवला ना? मी आली का सांधतो आपण. मले येते, आईनं शिकवलं होतं. दाखवा बरं.”

बाबारावांच्या डाव्या मुठीत कापलेले धागे होते. त्यांनी फोन आणखी जवळ धरला, एवढा की पडद्यात फक्त त्यांचं कपाळ आणि डोळे उरले.

“इथं अंधार हाय बेटा. लाइट गेली. ताणा हाय तसाच.”

“फोन ठेवतो बाबा, बोलावून राहिले. टोपी घालत जा थंडीची.”

पडदा काळा झाला. अभिजीत दिव्याकडे बघत होता. दिवा चालू होता. हमालांनी मागाचं पुढचं लाकूड धरलं होतं.

“उचलायचा का काका?”

बाबाराव उठले. शामलाच्या फोटोजवळ गेले. उदबत्तीच्या घराखाली सकाळची राख पडलेली होती, करड्या वळ्या तशाच. मग राख चिमटीत घेतली, अंगठ्याला आणि बोटाला चोळली आणि येऊन परत मागच्या दांडीजवळ बसले.

दांडीकडची कापलेली टोकं पुन्हा मुठीत धरून त्यांतला एक धागा त्यांनी फणीच्या बाजूला लोंबणाऱ्या टोकाला लावला आणि पीळ दिला. धागा निसटला. पुन्हा दिला. पुन्हा निसटला. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. शामला हे बोलता बोलता करायची.

“काका?” अभिजीत म्हणाला. “किती वेळ लागेल?”

बाबारावांनी मान वर केली नाही.

“तुमी टेम्पो घेऊन जा गा,” ते म्हणाले. “एकट्याले वेळ लागते.”

तिसऱ्यांदा पीळ बसला. त्यांनी धागा हळूच ओढून पाहिला. टिकला. मग मुठीतला दुसरा धागा काढला.