पोटात ठेवलेला मध

मित्रांनो, माझ्या अंगावरची गुलाबाची फुलं पुसट झाली आहेत, बूचही सैल झालं आहे. तरी मी एक जुना, इमानी थर्मास आहे. सकाळी भरलेला चहा मी संध्याकाळी कढत देतो. एवढा एकच गुण माझ्या अंगी आहे.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवतो तो केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतला बाजार. तिथे दहाबोने घासाघीस करून मला घेतलं. सोमालियातून पळताना तिची भांडीकुंडी मागेच राहिली होती. पुढे मुलगी इफ्राहला घेऊन ती अमेरिकेला निघाली, तेव्हा बोचक्यात मीही होतो.

सगळीकडे मक्याची शेतं, मध्ये एक गाव आणि गावात कोंबड्या कापायचा कारखाना. रबरी बूट घालून दहाबो तिथल्या ओल्या, गारठलेल्या फरशीवर दिवसभर उभी राहायची. सुट्टी झाली की सगळ्या सोमाली बायका माझ्याभोवती जमायच्या. वेलची, दालचिनी, दूध आणि साखर तर विचारूच नका. "दहाबोच्या चहाला तोड नाही," असं त्या म्हणायच्या आणि मी फुशारून जायचो.

मग तिला मधुमेह निघाला. मित्रांनो, तुमच्या भाषेत या रोगाच्या नावातच मध आहे. तिच्या भाषेतल्या नावात मात्र नुसती साखर आहे. सगळा घात तिथेच झाला.

दवाखाना चाळीस मैलांवर. तिथे सोमाली कुणालाच येत नव्हतं, म्हणून फोनवरून एक दुभाषा बोलायचा. "साखर बंद," असं त्याने सांगितलं. दहाबो शब्दाची पक्की. त्याच दिवशी तिने साखरेची अख्खी पिशवी शेजारच्या सहराला देऊन टाकली.

"साखर सोडलीस खरी," सहरा म्हणाली, "आता गोड बोलशील कशी?"

"मी गोड कधी बोलले गं?" दहाबो हसली. "आणि मध आहे की! मध म्हणजे औषध. कुराणातच सांगितलंय."

तेव्हापासून माझ्यात मध पडू लागला. सहा-सहा चमचे.

दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "साखर घेता का?"

"एक कणही नाही, वल्लाही!" दहाबो अल्लाची शपथ घेऊन सांगायची, आणि ते अगदी खरं होतं. तरी आकडा चढलेलाच. बाई गोळ्या वाढवत गेल्या. शेवटी एकदा त्या वैतागून काहीतरी बोलल्या आणि फोनवरचा दुभाषा चाचरत म्हणाला, "ताई, त्या म्हणतात, खरं सांगितलंत तरच गुण येईल."

दहाबो रडतच घरी आली. "या वयात मला खोटारडी ठरवतात! मेले तरी त्यांची पायरी चढणार नाही."

आणि ती चढली नाही.

डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मी तिच्या पिशवीतच होतो. 'चहात काय घालता?' एवढंच कुणी विचारायला हवं होतं. पण ते कुणी विचारलं नाही, आणि मला तर तोंड असून बोलता येत नाही. सगळं पोटात ठेवायचं हाच माझा धर्म. त्या दिवशी मला माझ्या धर्माची लाज वाटली.

पुढे बुटात पाय घासून जखम झाली. पाय बधिर झालेले, तिला ती कळलीच नाही. इफ्राहला मोजा रक्ताने भरलेला दिसला, तोवर बोटं काळी पडली होती. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता दहाबो खिडकीशी बसून असते. भेटायला येणारी प्रत्येक बाई प्रेमाने काय आणते ठाऊक आहे? मध. फडताळात आठ बरण्या झाल्या आहेत. "पी आई, अंगात ताकद येईल," म्हणत इफ्राह दोन चमचे जास्तच घालते. मी ते मुकाट्याने गरम ठेवतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला फोडून टाका हवं तर. पण आजारी माणसाला खोटं ठरवण्याआधी त्याच्या घरचा कपभर चहा पिऊन बघा.

इथे आता त्याचाही उपयोग नाही. काल सहरा आली होती. गप्पांच्या भरात दहाबोने मला तिरकं केलं, सैल बूच निसटलं आणि कढत चहा तिच्याच उरलेल्या उजव्या पायावर सांडला. सहरा किंचाळली.

"काय झालं गं?" दहाबोने विचारलं.