वाइलोमाची कोरी खाडी

नासेवू गावाच्या नकाशावर वाइलोमाची खाडी कोरी आली, त्यात यंत्राचा दोष नव्हता. दोष माझा होता.

पद्धत साधी होती आणि किनाऱ्याच्या सरकारी पाहणीतल्या बाराही गावांत मी तीच वापरली. विमानातून काढलेला किनाऱ्याचा फोटो सतरंजीएवढा छापून आणलेला असायचा. तो घरातल्या चटईवर पसरायचा आणि घरच्यांना मक्याचे वीस दाणे द्यायचे. ज्या जागेकडून तुम्हाला काही मिळतं तिथे दाणे ठेवा, जास्त मिळतं तिथे जास्त. मासळी, सरपण, औषधी पाला, वादळात आडोसा. नुसतं जाऊन बसलं की बरं वाटतं, तेसुद्धा चालेल. मग मी दाणे मोजून आकडे टॅबलेटमध्ये भरायचो आणि लंबासाच्या कचेरीत रोनेश त्यांचा नकाशा करायचा. दाणे फार तिथे गडद हिरवं, कमी तिथे फिकट, नाहीतच तिथे पांढरं. हिरव्या जागा राखायच्या. तिवरांच्या रोपवाटिका, राखणदारांच्या होड्या यांचा निधी तिकडे जाणार होता. धक्के, रस्ते, खडीचे ढीग पांढऱ्या जागी.

नासेवूला मी गेलो तेव्हा त्यांचा प्रमुख वारल्याला बासष्ट रात्री झाल्या होत्या. प्रमुख गेला की त्याचं पाणी शंभर रात्री बंद. वाइलोमाच्या तोंडाशी वेताची काठी रोवलेली होती आणि तिला काळं फडकं बांधलेलं होतं. त्या पाण्यात कोणी उतरत नाही, त्यातून काही काढत नाही. नासेवूत तर एरवी त्यातून काय निघतं हेही त्या दिवसांत कोणी तोंडावर आणत नाही. मेलेल्या माणसाच्या ताटाकडे बघून भूक लागली म्हणावं, तसं ते दिसतं.

अठरा घरं. सतरा घरांनी दाणे ठेवले, तीनशे चाळीस. बाहेरच्या खडकांवर, टेकडीवर, नदीच्या वळणावर, देवळामागच्या फणसांखाली. खाडीवर एकही नाही. अठरावं घर प्रमुखाच्या बायकोचं, ताराइविनीचं. ते गावापासून सुटं, अगदी खाडीला लागून आहे. तिनं वीस दाणे मुठीत धरले, फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि दाणे माझ्या हातावर परत ठेवले.

"माझं सध्या कुठेच काही नाही," ती म्हणाली.

मी 'उत्तर नाही' अशी नोंद केली, आभार मानले आणि उठलो. बंदी नसती तर दाणे कुठे ठेवले असते, एवढंच विचारायचं होतं. परदेशी साहेब असता तर त्यानं बेधडक विचारलं असतं आणि लोकांनी त्याला माफही केलं असतं. पण मी लाऊच्या बेटांवरचा, याच देशाचा. काळं फडकं दिसलं की नजर खाली घालायची, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. मी नजर खाली घातली आणि पुढच्या गावाला गेलो.

पुढचे चार आठवडे मी उरलेली गावं करत होतो. सोमवारी कचेरीत आलो तेव्हा नकाशा भिंतीवर लागून दहा दिवस झाले होते. वाइलोमा पांढरी होती आणि तिच्या मध्यावर काळी होडी छापलेली होती. होडी म्हणजे बार्ज लागायचा धक्का आणि शेजारी खडीचं आवार.

"रोनेश, ही खाडी रिकामी नाही."

"दाणा नाही तर काही नाही, एरोनीदादा. तूच भरलंयस."

"तिथे सुतक होतं."

"मग तसं लिहायचं ना. रकाना आहे की, 'शेरा' म्हणून. तो रकाना काय मी माझ्या लग्नाची पत्रिका छापायला ठेवलाय?" त्यानं माझी नोंद उघडून दाखवली. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. "शुक्रवारी चारपर्यंत हरकती घेतोय. गावातली निदान दहा घरं, त्या जागेतून काय काय मिळतं ते लिहून, खाली सह्या. आण, मी लगेच रंग बदलतो."

रोनेश वाईट माणूस नाही. धक्काही वाईट नव्हता. तीन गावांची नारळाची आणि कंदांची पोती आज डोक्यावरून रस्त्यापर्यंत जातात. धक्का बाजूच्या खडकाळ टोकाला झाला असता तरी चाललं असतं. नकाशानं खाडी दाखवली म्हणून खाडी.

बुधवारी पहाटेची बस आणि पुढे होडी करून मी नासेवूला पोचलो. पाहुण्यानं भेट म्हणून न्यायची यंगोनाच्या मुळांची जुडी गावकारभारी फिलिमोनेच्या पुढ्यात ठेवली. त्यानं रीतीप्रमाणे चार शब्द बोलून ती घेतली आणि रीत संपताच पाय पसरले. आमच्या बेटांचं आणि त्यांच्या गावाचं पिढ्यांपासून थट्टेचं नातं आहे.

"या, खोबरेखाऊ या! बेटावर पाणी संपलं वाटतं?"

"चिखलात पाय रुतवून बसलेल्यांना भेटायला आलो."

"परवा आला असतास तर डुक्कर धरायला लावलं असतं तुला. सोमवारच्या जेवणासाठी सहा डुकरं बांधलीत. तुमच्याकडे बघायला तरी मिळतं का रे डुक्कर?"

मी नकाशा पसरला. होडीच्या चिन्हावर बोट ठेवलं, आणि बोट कुठे ठेवलंय हे लक्षात आल्यावर मागे घेतलं. फिलिमोनेचे पसरलेले पाय आत गेले. मी सगळं सांगितलं: धक्का, शुक्रवार, दहा घरं, सह्या.

"सह्या देऊ," तो म्हणाला. "सोमवारी. रविवारी शंभरावी रात्र. सोमवारी सकाळी ओहोटीला काठी उपटायची, मग तू म्हणशील तेवढं सांगतो. एकेक चिंबोरी मोजून सांगतो."

"सोमवारी नकाशा पक्का झालेला असेल, फिलिमोने."

"मग त्यांना म्हणावं थांबा. आम्ही शंभर थांबलो, त्यांना तीन रात्री थांबवत नाही?"

"विचारलं. तारीख वरच्या कचेरीत, सुवामध्ये ठरलीय, ती हलत नाही."

"तर मग आमची कशी हलेल?"

"नुसतं 'धक्का नको' एवढं तरी लिहा."

"का नको, ते विचारतील ना? तूच म्हणतोस, काय मिळतं ते लिहायचं. कारण लिहायचं म्हणजे पाण्याचं बोलायचं." त्यानं नकाशाची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "एरोनी, तू इथे होतास. तू आम्हाला विचारलं नाहीस, आम्ही तुला सांगितलं नाही. दोघंही नीट वागलो. आता मध्येच बेअदबी कशाला?"

आजूबाजूची माणसं हसली, पण हळू. एका म्हातारीनं मला उकडलेला कसावा आणून दिला. गावात कोणी माझ्यावर रागावलेलं नव्हतं, आणि ऐकायलाही कोणी बसलेलं नव्हतं.

ताराइविनीकडे मी एकटाच गेलो. तिच्या घराची खाडीकडची दोन्ही दारं आणि खिडकी लावलेली होती. आत भट्टीसारखं उकडत होतं. ती चटई विणत होती, पाठ खाडीकडे. दोन मुलगे ब्रिस्बेनला, एक फौजेत, कुठल्याशा वाळवंटात. शेजारी बसून विणणारं कोणी नव्हतं आणि चटई दोन माणसांच्या मापाची होती.

"मावशी, वारा येईल, एखादं दार उघडू?"

"सोमवारी उघडीन." तिनं पान दुमडलं. "फिलिमोनेनं पोरीला धाडलं होतं. कळलंय मला काय ते."

"तुम्ही सांगितलंत तर बाकीचे सांगतील. सुतक तुमच्या घरचं."

"म्हणूनच नाही सांगायचं." भरतीचं पाणी भिंतीपलीकडे तिवरांच्या मुळांत शिरत होतं, त्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता आणि दोघंही तो ऐकू न आल्यासारखं बसलो होतो. मग ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना? त्या दिवशी?"

"होतं."

"मग तूच लिही की. मला कशाला बोलायला लावतोस?"

"माझं धरत नाहीत. इथल्या रहिवाशाचंच धरतात. मी इथला नाही."

"बरं, मग कुठला तू?"

मी बेटाचं नाव सांगितलं.

"तिथलं धरतात का तुझं?"

आमच्या बेटावरचं घर धाकट्या भावानं पाडून नवं बांधलं, त्याला अकरा वर्षं झाली. मी ते पाहिलेलं नाही. लंबासात भाड्याची खोली आहे, ती नकाशात बाजारपेठेच्या करड्या रंगात येते. मी म्हणालो, "नाही धरत."

"अगं बाई," ती म्हणाली. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मग जेवून जा पोरा."

मी जेवलो. बाहेरच्या खडकांवरचा मासा होता, नारळाच्या दुधातला. ताट एकच होतं. माझं झाल्यावर ते धुऊन तिनं स्वतःला वाढून घेतलं.

शुक्रवारी दुपारी मी कचेरीत बसून अर्धं पान लिहिलं. नासेवूची पाहणी सुतकात झाली. बंदीची खूण मी पाहिली होती. रहिवाशांनी खाडीबद्दल दिलेली शून्य उत्तरं म्हणजे वापर शून्य असा अर्थ होत नाही, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मी विचारलं नाही आणि नोंदही केली नाही. सबब ही पाहणी ग्राह्य धरू नये. खाली सही, वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

रोनेशनं ते दोनदा वाचलं.

"हे असं नको लिहू. 'माहिती अपुरी' एवढंच लिही."

"अपुरीला दहा सह्या लागतात. नियम मी वाचलाय. पाहणी करणाऱ्यानंच स्वतःचं काम चुकीचं म्हटलं तर सही लागत नाही."

"हो, आणि तसं म्हटलं की त्याचं सगळंच काम बाद होतं, तेही वाचलं असशील. एक गाव नाही, दादा. बारा. सगळा किनारा पुन्हा करायचा. म्हणजे पुढच्या वर्षी. रोपवाटिका गेल्या, होड्या गेल्या. आणि तू गेलास." त्यानं आवाज खाली आणला. "एका खाडीसाठी अकरा गावांचं वर्ष घालवतोयस. त्यांचं काय चुकलं?"

मी एवढंच म्हणालो, की रोपं एक वर्ष उशिरा लागतील. भराव घातलेली खाडी उशिरासुद्धा परत येत नाही.

"हे खात्यात सांग, मला नको," रोनेश म्हणाला आणि त्यानं पानावर शिक्का मारला. पावणेचारला त्यानं संगणकावर सबंध किनारा निवडला आणि रंग काढून टाकले. बारा गावांचं हिरवं एकदम गेलं. वर तिरप्या रेघा आल्या, खाली लिहिलेलं आलं: माहिती नाही. होडीचं चिन्हही गेलं.

संध्याकाळी फिलिमोनेला फोन केला. मागे डुकरांचा आणि माणसांचा गलका होता.

"धक्का गेला," मी म्हणालो. "निदान यंदा. पुढच्या वर्षी दुसरा कोणी येईल, त्याला सगळं सांगा."

"बघ! म्हटलं नव्हतं? आपली रीत सांभाळली की गोष्टी आपोआप जागेवर येतात. तू उगाच घाबरलास, खोबरेखाऊ. सोमवारी येतोस ना?"

"बघतो," मी म्हणालो. आपोआप काय काय झालं, ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सोमवारी मला मानाच्या जागी बसवलं असतं, देवमाशाच्या दाताची माळ दिली असती, आणि अकरा गावांचं देणं नासेवूच्या गळ्यात पडलं असतं.

नोकरीचा शेवटचा आठवडा हाताशी होता. खात्याचं पत्र गावांत पोचायला महिना लागतो, म्हणून मी स्वतः सांगत फिरायचं ठरवलं. सोमवारी सकाळी पहिलं गाव घेतलं, द्रेकेनिवाई. गेल्या वादळात त्यांची पुढची चार घरं समुद्रात गेली होती. रोपवाटिकेसाठी बायकांनी नारळाच्या करवंट्यांत माती भरून ठेवली होती, सहाशे करवंट्या, सभागृहाच्या सावलीत ओळीनं.

मी सांगितलं. यंदा नाही. पाहणीत चूक झाली.

"कोणाची?" त्यांची पुढारीण सेनिमिली म्हणाली.

"माझी."

"आमच्या गावात?"

"नाही. दुसरीकडे."

"कुठे?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग करवंट्यांकडे.

"दुसरीकडे चूक आणि पाणी आमच्या घरात," ती म्हणाली. "पुढचं वादळ काय तुमचा नकाशा बघून येणार आहे?"

मागून एक बाई म्हणाली, "जाऊ दे गं, त्याला काय, तो आज इथे, उद्या तिथे."

कोणी बसा म्हटलं नाही. मी आणलेली मुळांची जुडी त्यांनी नाकारली नाही, पण ती चटईच्या कडेला तशीच राहिली. मी उठलो तेव्हा सेनिमिली एकेक करवंटी उचलून सावलीतून आतल्या खोलीत नेत होती. मी दोन उचलल्या. तिनं त्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली, "राहू द्या."

होडी यायला दीड तास होता. ओहोटी पुरी झाली होती. वाळू लांबपर्यंत उघडी पडली होती. त्याच ओहोटीला डोंगरापलीकडे नासेवूत काठी निघाली असणार. मी वहीत पुढच्या गावाचं नाव लिहिलं, त्याखाली उरलेली नऊ लिहिली आणि पाण्याच्या कडेला होडीची वाट बघत उभा राहिलो.