वेढ्यातलं पाणी

टोक झिजून बोथट झालेली पेन्सिल... जास्मिन त्या पेन्सिलीनं ओळीखाली रेघ ओढत होती, 'वेढा सहा महिने चालला' या वाक्याखाली, अगदी हलक्या हाताने – आणि त्या दुसऱ्या तुकडीच्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणाची वही मांडीवर घेऊन बसलेल्या फरहतला वाटलं, माझ्या वर्गात या पोरीने कधी एक रेघसुद्धा ओढली नाही.

कळसच्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या. एक फरहतची, जिच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती; दुसरी बारामतीहून येणाऱ्या वृषालीची, जिच्या नोकरीला अजून दोनही झाली नव्हती. फरहतची मुलं इतिहासाचा धडा न अडखळता, एका सुरात वाचायची, पण काय कळलं असं विचारलं की गप्प. 'एकदा वृषालीबाईंचा तास बघा ना, मॅडम,' केंद्रप्रमुख म्हणाले होते. बघा ना! आणि त्याआधी शेजारची जरिना, जास्मिनची आई, दारात उभी राहून, 'आपा, राग मानू नगा, पर जास्मिनला मी त्या मॅडमच्या वर्गात टाकलंय.' राग कसला, असं म्हणून मी तिला चहासुद्धा दिला... साखर जास्त पडली होती.

"आता सांगा," वृषाली म्हणाली, "या धड्यात काय लिहिलेलं नाही?"

असला कसला प्रश्न! फरहतने वहीत काहीच लिहिलं नाही. जास्मिन उभी राहिली. "मॅडम, सहा महिने किल्ल्याचे दरवाजे बंद व्हते, तर माणसं पाणी कुठनं आणत व्हती? ह्यात लिवलंच न्हाय."

"अगं, हे मलाही माहीत नाही!" वृषाली चक्क हसली. "फरहतताई, तुम्हाला?"

सगळी पोरं वळली. फरहतला माहीत होतं – डी.एड.च्या सहलीत त्याच किल्ल्यावर खडकात खोदलेलं टाकं, वाकून त्यात बुडवलेला हात, कोपरापर्यंत चढलेला गारवा, आणि हे कुणी खोदलं असं आपण विचारल्यावर सरांचं ते तुटक, 'परीक्षेला येत नाही, चला पुढं'... सांगून टाकावं? सांगितलं तर तास वृषालीचाच खुलेल.

"पुस्तकात नाही ते विचारायचं नाही," ती म्हणाली. "परीक्षेला येत नाही."

जास्मिन खाली बसली.

तास संपल्यावर व्हरांड्यात वृषालीने हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाही."

आपल्या वर्गात तिने तोच धडा काढायला लावला. मुलांनी सूर धरला, कुठेही न थांबता, आणि हा सूर ऐकून रोज वाटणारं समाधान आज वाटेना. तिने हात वर केला. वर्ग थांबला. तीसेक तोंडं तिच्याकडे बघत राहिली, प्रश्नाची वाट पाहत... आणि पाण्याचा सोडून दुसरा, स्वतःचा असा एक प्रश्न ती शोधू लागली – एवढ्या वर्षांत पाठ झालेल्या त्या धड्यात, एकेका ओळीवरून, घाईघाईने. वृषाली केव्हाच मनातून निघून गेली होती. हेवा वाटत होता तो नऊ वर्षांच्या एका पोरीचा, आणि हा हेवा जुन्यासारखा जळत नव्हता, नुसता दुखत होता.

"बाई, वाचू का पुढं?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"थांबा," फरहत म्हणाली. "जरा थांबा..."