ताणावरची बाग

मनोजला बागेतलं झाडन्‌झाड ओळखू येई, चित्रातलं मात्र पानाफळांशिवाय एकही नाही. त्याची धाकटी बहीण रागिणी अकोल्याहून तिवशाला माहेरी येऊन त्याच संत्र्याच्या बागेचं चित्र काढत होती. डावीकडची झाडं पानापानांसकट. मग पानं गेली, फांद्या गेल्या, उरले नुसते काळपट हिरवे फटकारे. उजव्या टोकाला वीतभर कोरी पट्टी होती. तिथलं शेवटचं झाड एकाच फटकाऱ्यात उभं करायचं, पण दिसायला पाहिजे संत्र्याचंच. तो फटकारा काही हाताला येईना, म्हणून चित्र बैठकीत ठेवून ती अकोल्याला गेली.

तेवढ्यात बाग पाहायला व्यापारी उत्तमराव आले. बाग राहिली बाजूला, चहा पिता पिता चित्राकडे पाहून म्हणाले, "काहो मनोजभाऊ, इकडची झाडं वायली का?"

मनोजच्या बागेला कुणी वाळली म्हणावं! त्यानं दुसऱ्याच दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवणारा कुंदन बोलावला.

रागिणी परतली तर घरभर ऑइलपेंटचा भपकारा. तिच्या फटकाऱ्यांवर संत्री लटकत होती. भडक, तुकतुकीत, प्रत्येकावर एक पांढरा ठिपका, मेलेल्या मासोळीच्या डोळ्यासारखा. फटकारा नव्हता त्या उजव्या पट्टीला मात्र कुंदननं हात लावला नव्हता.

"पाय, कशी लदबदली!" खर्रा गालात सारत मनोज म्हणाला. "तुयं अर्धंच पडलं होतं. पुरं करून घेतलं."

"दादा, बाग ताणावर असते तवा तू पाणी सोडतं का?"

"येडी झाली का? झाडाले तहान लागू द्या लागते, पानं गळू द्या लागते, तवा बहार फुटते. मधात पाणी सोडलं त सारा बहार गेला."

"मंग माया झाडाईले काहून पाजलं?"

मनोजचं चघळणं थांबलं. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "रॉकेलनं पुसून देऊ?"

रागिणीनं एक संत्रं नखानं खरवडलं. खालचा फटकाराही सोबत निघाला. "पुसशीन त मायंबी जाईन."

खुंटीवर कलमं बांधायचा चाकू होता. तिनं कोरी पट्टी तेवढी कापून गुंडाळली आणि पिशवीत घातली. दारात उत्तमराव भेटले. आत डोकावून खुशीत म्हणाले, "वा! आता दिसते बाग!"

रागिणी पिशवी सावरून बाहेर पडली. अकोल्याची गाडी सुटली, तरी ती नखात अडकलेला नारिंगी रंग काढतच होती.