पडून असलेल्याची भूक

वसईजवळच्या गास गावातल्या बर्नार्डच्या घरात ताट कामावरून वाढलं जाई. वाडीत केळींना पाणी सोडून आलेल्याला सुरमईची मोठी तुकडी, घरात बसून असलेल्याला शेपटाकडची, आणि अंथरुणावर पडलेल्याला पेज. वाडवडिलांची रीत. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

धाकटा मुलगा शेल्डन उन्हाळ्यापासून आतड्याच्या सुजेनं पडून होता. आकसलेला भाग कापून काढायचा होता, पण सर्जननं ऑपरेशन थांबवलं. अंगात ताकद नाही, टाके भरून यायचे नाहीत, आणि आतडं फार काळ वाटही पाहणार नाही!

बर्नार्डची भाची नॅन्सी आहारतज्ज्ञ. ती घरी आली.

"मामी, दिवसभर खातो काय?"

"पेज," बर्नार्डची बायको क्लेमेंटीन म्हणाली. "जास्त दिलं की जुलाब होतात गं."

बर्नार्ड हसला. "तो काय वाडी खणतो? पडल्या माणसाला लागतं किती!"

"मामा, पडलेला तो आहे, त्याचं शरीर नाही. ताप, सूज, सगळ्याला ताकद लागते. त्यात खाल्लेलं बरंचसं जुलाबावाटे जातं. आजचं वजन धरून मी त्याची गरज काढली. पेजेतून तिचा पाव हिस्साही भागत नाही."

"मग इतके दिवस तो जगतोय कशावर?"

"स्वतःच्या मांसावर!"

क्लेमेंटीन पुटपुटली, "पण त्यानं कधी मागितलं नाही..."

"मागून काय?" आतून शेल्डनचा आवाज आला. "पपा विचारणार, कुठं राबून आलास, साहेब?"

तो हसत उठायला गेला आणि त्याचे गुडघेच वाकले. बर्नार्डनं धावत जाऊन त्याचा दंड धरला. दंडाभोवती बर्नार्डची बोटं एकमेकांना टेकली!

त्या दुपारी बर्नार्डनं आपल्या तुकडीतले काटे स्वतः काढले आणि मऊ भातात मासा कुस्करला. तो आणखी वाढू लागला, तेव्हा नॅन्सीनं त्याचा हात अडवला.

"एकदम नको, मामा. उपाशी शरीराला अचानक भरपूर देणंही धोक्याचं. थोडं थोडं, वरचेवर. रक्त तपासत मी वाढवत जाईन."

त्यानं डाव खाली ठेवला.

शेल्डनचं वजन सावकाश चढलं. नाताळाच्या आधी सर्जननं ऑपरेशनची तारीख दिली.

वाचकहो, आजारी माणूस रिकामा बसलेला नसतो. बरं होणं हेच त्याच्या शरीराचं राबणं. त्याला किती अन्न लागतं, ते आपल्या अंदाजावर सोडू नका, जाणकाराला विचारा; आणि घरच्या माणसाला भूक सांगायची भीती वाटेल, असं घर ठेवू नका.