घुमटावरचा गंगाराम

"आजी, ती बादली खाली ठेवा," पुरातत्त्व खात्याचे सरकारी साहेब म्हणाले.

हौसाबाईने बादली डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, एवढंच.

खारेपाटणच्या खाडीकाठी कुणा विसरलेल्या सरदाराच्या कबरीवरचा तो घुमट. उरुसाच्या आदल्या दिवशी त्याला आतबाहेर शिंपल्यांचा चुना लावायचा मान हौसाबाईच्या सासरचा. पिढ्यानपिढ्या थरावर थर. आजेसासऱ्याच्या काळी म्हणे दारातून बैल सरळ आत जायचा. आता माणूसही तिरका होऊन शिरायचा, आणि जेवून आलेला असला तर बाहेरूनच हात जोडून परतायचा.

यंदा साहेबांनी आतली एक भिंत खरवडून घेतली होती. चुन्याखालून गिलाव्यात कोरलेली नक्षी निघाली: कमळाच्या पाकळ्या, एक साखळी, साखळीला टांगलेला दिवा. वर निळ्या फरश्यांची पट्टी.

"पाचशे वर्षांपूर्वीचं काम हे. तुमच्या चुन्याने गाडलं."

हौसाबाई बघत राहिली. दिवा देखणा होता, खोटं कशाला बोला. मग तिची नजर पायाशी पडलेल्या खपल्यांवर गेली. वरचे पातळ थर तिचे. त्याखालचा जाड, पिवळसर थर नवऱ्याचा, गंगारामचा. तो चुन्यात गूळ घालायचा. निम्मा चुन्यात, निम्मा तोंडात. तो गेला तेव्हा बाईमाणूस शिडीवर कसं चढणार, असं गावाने विचारलं होतं. गाव विचारत राहिलं, तोवर ती चढून उतरलीही होती.

"खाली तुमची नक्षी आसा, तर वर माझो घोव होतो," ती म्हणाली. "तुमी तेका खरवडून खाली पाडलात."

पुतण्या बाबली पुटपुटला, "काकी, सरकारी काम आसा. पोलीस येतले."

"येंवदेत. शिडी धरूक माणूस व्हयोच होतो."

"नक्षीवर चुना लावू देणार नाही," साहेब म्हणाले.

"आणि भिंत पांढरी झाल्याबिगर मी घराक जावचंय नाय."

तिने खपल्या पदरात वेचल्या, पायरीवर बसून दगडाने बारीक कुटल्या आणि बादलीत ढवळल्या. बाबलीने शिडी धरली, तोंड मात्र खाडीकडे केलं. उद्या कुणी विचारलंच, तर आपण काही पाहिलं नव्हतं.

नक्षीच्या कडेकडेने तिने बोटाने चुना लावला. दिव्यावर थेंब उडू दिला नाही. उरलेली भिंत कुंच्याने भरून काढली. साहेब छत्रीवर रेलून बघत राहिले.

खाली उतरून तिने पदर झटकला. वर, दिव्याच्या शेजारी, ओला चुना किंचित पिवळसर दिसत होता.