मातीनं बोलायचं नसतं

नाटकमास्तर जगातल्या कुठल्याही पोराला बोलतं करत. अपवाद फक्त घरचा. त्यांची सोळा वर्षांची लेक वर्षभर त्यांच्याशी आईमार्फतच बोलत होती. "आई, बाबांना सांग, पंखा बंद करा." बाबा त्याच पंख्याखाली बसलेले असत.

बिनसलं होतं मागच्या नाट्यशिबिरात. एका प्रसंगात लेक रडली आणि मास्तरांनी वीस पोरांसमोर टाळी वाजवून तिला थांबवलं, तिच्यावर बोट रोखलं. "हे रडणं खोटं आहे. पुन्हा कर!" ती सरळ घरी निघून गेली. संध्याकाळी बायकोनं सांगितलं, की पोरगी वाक्य विसरली होती आणि बापाच्या धाकानं तिला खरंच रडू फुटलं होतं. तीस वर्षांच्या अनुभवाचा टेंभा मिरवणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचं रडू ओळखता आलं नाही. मास्तरांना ते फार लागलं होतं. पण माफी मागायची म्हटलं, की नाक आडवं यायचं.

उद्या नवं शिबिर होतं. पहिल्या तासात पोरांची भीड चेपायची, म्हणून मास्तर जेवणाच्या टेबलाशी खेळांची यादी करत बसले होते.

"आपलं नाव ओरडायचं आणि उंच उडी मारायची," त्यांनी वाचलं.

"मागच्या खेपेला एकाचा पाय मुरगळला," बायको म्हणाली.

"डोळे मिटून शेजाऱ्याचा चेहरा चाचपायचा."

"पालक जोड्यानं हाणतील."

दोन्ही खेळ कटाप झाले. उरला शिल्पकाराचा खेळ. एकानं माती व्हायचं, दुसऱ्यानं तिला वाकवून पुतळा करायचा, आणि मातीनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. करून बघू म्हणून मास्तर स्वतः माती झाले आणि शिल्पकार नेमलं सासूबाईंना. जावयाला हात लावायची रीतसर परवानगी अठरा वर्षांत प्रथमच मिळत होती. सासूबाईंनी बाह्या सरसावल्या, त्याचे कान पिळले, गुडघे वाकवले, जीभ बाहेर काढायला लावली.

"आता कसा शहाणा दिसतोय!" त्या म्हणाल्या. बायको हसून हसून बेजार झाली.

तेवढ्यात लेक पाणी प्यायला आली. क्षणभर बघत राहिली, मग तिनं पेला खाली ठेवला. "आजी, सर जरा."

तिनं बापाचे गुडघे सरळ केले, जीभ आत घालायला लावली, हनुवटी वर उचलली. उजवा हात पुढे ओढून तर्जनी ताठ केली. भुवया अंगठ्यानं वर चढवल्या. मग त्या बोटासमोर ती स्वतः जाऊन उभी राहिली, खांदे पाडून, मान खाली घालून. आता कुणी हसत नव्हतं.

मास्तरांनी तोंड उघडलं.

"मातीनं बोलायचं नसतं," लेक म्हणाली. वर्षभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलली, ती अशी.

मास्तर तसेच उभे राहिले. हाताला रग लागली. शेवटी त्यांनी ते बोट मिटून घेतलं.

"तुझं रडू खरं होतं. मला कळलं नाही. चुकलं माझं."

"अहो, मातीनं..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"आई, तू गप्प बस," बायकोनं डोळे पुसत दटावलं.

लेकीनं नाक ओढलं आणि कागदावर शिल्पकाराच्या खेळापुढे एकचा आकडा घातला. "उद्या पहिला हाच. आणि माती तुम्हीच व्हायचं, सगळ्यांसमोर."

"होईन," मास्तर म्हणाले.

तिनं पेला उचलला, दारापर्यंत गेली. "आई, बाबांना विचार..." आणि थांबली. मग वळून बापाकडे बघत म्हणाली, "किती वाजता यायचं?"